झोपेत येणारा देव

एकदा काय झालं, लांब ग्रीस देशात एक देव होता. नाव म्हणताना जीभ जरा वळवावी लागते हं. अस्क्लेपियस! लोकांची दुखणी बरी करायचा. मोठी दाढी, हातात काठी आणि काठीला विळखा घालून बसलेला साप. घाबरू नका, चावत नसे तो. पण या देवाची एक खोड होती, बरं का. माणूस गाढ झोपलं तरच यायचा. म्हणून लोक त्याच्या देवळात जाऊन नुसते झोपायचे.

तिथं आली मेलिता. तिची एकुलती एक लेक, नीसा. तापातून उठली, पण पायांतलं बळच गेलं. अंथरुणातून हलता येईना, मग समुद्रापलीकडच्या या देवळात होडीतून आणायची कशी? म्हणून लेकीसाठी आईच झोपायला आली. तसं चालायचं तिथं. मात्र तीनच रात्री.

पहिल्या रात्री पुजाऱ्यानं दिवे मालवले. मेलिता आडवी झाली, पण झोप कसली! नीसानं पाणी मागितलं असेल का? शेजारीण बघत असेल ना? सारी रात्र कूस बदलण्यात गेली. देव आला, तिचे उघडे डोळे पाहिले नि पुढं गेला.

दुसऱ्या रात्री तिनं डोळे घट्ट मिटले. खोटंखोटं घोरलीसुद्धा! हो, तुम्ही करता तस्संच. साप तिच्या पापण्यांपाशी आला, त्यानं मान हलवली आणि निघून गेला. सोंग काय देवाला कळत नाही?

मग आली शेवटची रात्र. आज डोळा लागला नाही तर नीसा जन्मभर अंथरुणात! त्या धास्तीनं मेलिताची झोप आणखीच पळाली. तेवढ्यात शेजारून मुसमुसणं ऐकू आलं. बघते तर एक आडदांड म्हातारा शिपाई. एवढाल्या मिशा! मांडीत बाणाचं टोक रुतलेलं, ते ठणकत होतं. "आई गं, आई गं," करत रडत होता बिचारा.

मेलिताला राहवेना. "उगी बाबा, उगी," म्हणत ती त्याला थोपटायला लागली. नीसाला थोपटायची तसंच. अंगाईसुद्धा म्हटली. थोपटता थोपटता शिपाई घोरायला लागला. मग तिचा हात मंदावला. मग थांबला. मेलितापण झोपली की!

मग देव आला. तिला बघून हसला. सापानं शिपायाची मांडी चाटली. देव मेलिताच्या कानाशी वाकून म्हणाला, "काम झालं हो, बाई. मला एक कोंबडा आण म्हणजे झालं." त्या देवाला कोंबडा वाहत, बरं का.

सकाळी शिपाई उठला, तर बाणाचं टोक हातात! देऊळभर नाचला तो. मेलिता होडीत बसली. वाटभर तिचा जीव टांगणीला.

किनारा आला. आणि धावत कोण आलं? पुढं कोंबडा, मागं नीसा! "आई, धर त्याला!"

मेलिता एकदम हसायला आणि रडायलाच लागली. "अगं, कोंबडा हवाय हे तुला कुणी सांगितलं?"

"दाढीवाल्या आजोबांनी. माझ्या स्वप्नात आले होते. म्हणाले, तुझी आई आत्ता कुठं झोपलीय, तिला उठवायचं नाही. ऊठ, कोंबडा तूच पकड."

मग सगळं गाव होड्यांतून पलीकडं उतरून वाजतगाजत देवळाकडं निघालं. सगळ्यांच्या पुढं नीसा, काखेत कोंबडा, स्वतःच्या पायांवर! पुढं मायलेकी सुखानं राहिल्या.

चला, मिटा डोळे. सोंग नको हं. मी थोपटते. आणि माझा हात आधी थांबला, तर मला उठवायचं नाही.