हौसाची खांड

देवखार गावच्या खाडीच्या बांधावर दरवर्षी मातीची पहिली पाटी पडते ती टेकडीवरच्या सगळ्यात उंच घराची. ज्यांच्या उंबऱ्याला खाडीचं पाणी सात जन्मांत लागायचं नाही, त्यांनी माती का वाहायची, असं पाहुणे विचारतात. विचारणारच! पदाजी पाटलानंही हेच विचारलं होतं म्हणे, आणि ते त्याला चांगलंच भोवलं.

पदाजी टेकडीवरचा पाटील. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. त्या वर्षी खाली खारवाडीत तापाची साथ आली, घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. भादव्याची अमावास्या तोंडावर, उधाण येणार, आणि बांध खेकड्यांनी पोखरलेला. तेव्हा खारवाडीतली हौसा नावाची विधवा भर दुपारी रिकामी पाटी घेऊन त्याच्या अंगणात उभी राहिली.

"पाटील, वीस माणसं द्या. दोन दिसांचं काम हाय."

"ज्याचं शेत त्याचा बांध," पदाजी म्हणाला. "आमचं काय बुडतंय?"

हौसानं पाटी तिथंच ठेवली. "मनात आलं तर घेऊन या," म्हणाली आणि उतरून गेली.

कोणी गेलं नाही. उधाणानं बांध फोडला, मोठी खांड पडली. हौसा आणि उठू शकणारी चार माणसं पेंढा, माती, घरांची दारं घेऊन त्या खांडीला भिडली. पाण्यानं हौसाला ओढून नेलं. प्रेतसुद्धा मिळालं नाही. शेतं तर गेलीच. पण टेकडीची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर पायथ्याशी, बांधाच्या आत होती. रोज पाणी भरायचे, तरी हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं! विहीर खारट झाली.

मग पदाजीला घोट उतरेना. दोन कोसांवरून आणलेलं पाणीही त्याला खारटच लागायचं, असं सांगतात. हौसाची पाटी त्यानं तीनदा खाडीत फेकली. तीनदा ती सकाळी अंगणात, ओलीगच्च. भोवती चिखलाची पावलं, घराकडे आलेली. परत गेलेलं एकही नाही. चौथ्या सकाळी म्हातारा पदाजी अंगणात बसून पोरासारखा रडला. "चुकलो गं बाई," म्हणाला, पाटी मातीनं भरली आणि डोक्यावर घेऊन उतरला. तीन दिवस एकटाच वाहत होता. मग लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, सगळी टेकडी खाली आली. खांड बुजली. विहीर मात्र पुन्हा गोड झाली नाही.

आजही सरकारी साहेब बांधावर येतात आणि बांधाचा फायदा कोणाकोणाला, त्यांची यादी मागतात. गाव वरपासून खालपर्यंत सगळी नावं देतं. पहिलं नाव हौसाचं.

"ही बाई राहते कुठं?" साहेब विचारतात.

"बांधात," लोक सांगतात, आणि साहेब उभे असतात तिथून त्यांना हळूच बाजूला घेतात.