दीपमाळ हलत नाही

समुद्राकाठच्या एका गावात कालिंदी नावाची एक फोटोग्राफर राहत होती. तिच्याकडे वडिलांचा जुना पेटीचा कॅमेरा होता. पुढे भिंग, मागे काच आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता. डोक्यावर काळं फडकं घेऊन ती मागच्या काचेत बघे, तेव्हा सगळं गाव त्यात उलटं लटकलेलं दिसे. एका फोटोला अर्धी सकाळ जाई, पण फोटो असा निघे की भुवईतला केसन्‌केस मोजून घ्यावा.

कॅमेरा जड, म्हणून तो ज्यावर चढवायचा ती तीन पायांची तिवईही जड. वडिलांनी ती सागवानाची करून घेतली होती, पायांना लोखंडी टोकं लावून. कालिंदी ती खांद्यावर घेऊन निघाली की नाक्यावरची मंडळी विचारीत, "काय कालिंदी, आज कुणाची तिरडी?" सगळे हसत. तीही हसल्यासारखं करी. पण घरी पोचेपर्यंत तो शब्द तिला टोचत राही.

शेवटी ती नवी तिवई घ्यायला शहरात गेली. दुकानात दोन होत्या. एक धिप्पाड, रुंद पायांची. दुसरी चंदेरी, बगळ्याच्या पायांसारखी सडपातळ, मिटली की काखेत मावणारी.

"कॅमेरा आणलाय का? वर ठेवून बघा," दुकानदार म्हणाला.

"ते धूड कोण आणणार इथपर्यंत?"

तिनं चंदेरी तिवईवर तळहात दाबून पाहिला. हलली नाही. फरशी सपाट, खिडक्या बंद, हलणार तरी कशी? तिवई पारखायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. वडिलांनीच शिकवलं होतं. कॅमेरा चढवायचा, वरून हलकी टिचकी मारायची आणि काचेतलं चित्र किती वेळ थरथरतं ते बघायचं. पण काखेत मावणारी वस्तू समोर असली की माणसाला शिकवलेलं नेमकं आठवत नाही. ती चंदेरी तिवई घेऊन घरी आली. नाक्यावर कुणी काही बोललं नाही. तिला फार बरं वाटलं.

आता त्या गावच्या कोळीवाड्यात एक रीत होती. होडीचा तांडेल म्हातारपणी सुकाणू खाली ठेवी, तेव्हा नारळी पुनवेला देवळाच्या दीपमाळेपुढे बसवून त्याचा फोटो काढत आणि तो समाजमंदिराच्या भिंतीवर लावत. त्या वर्षी पाळी होती हिराजी तांडेलांची. उजवा हात कापू लागला म्हणून त्यांचं सुकाणू सुटलं होतं. माणूस कधी वादळाला भ्याला नाही, पण या फोटोला भ्याला. हात हलला तर भिंतीवर तो कायमचा हलता राहणार.

म्हणून ते रोज पहाटे ओट्यावर बसत, उजव्या तळहातावर पाण्याने भरलेली वाटी घेऊन. त्यांची बायको चांगुणाआजी दारातून बघत राही. आधी पाणी सांडे, मग कमी सांडू लागलं. पुनवेच्या आदल्या दिवशी ओटा कोरडा राहिला.

पुनवेला आभाळ भरून आलं होतं. समुद्रावरून वारा सुटला होता. मोठ्या मापाची फिल्म एकच उरली होती. सदऱ्याच्या बटणापासून दीपमाळेच्या शेंड्यापर्यंत सगळं रेखीव यायला हवं, म्हणून भिंगाचं तोंड बारीक केलं. मग उजेड कमी पडणार, म्हणजे भिंगावरचं झाकण बराच वेळ उघडं ठेवणं आलं. अशा वाऱ्यात वडील तिवईखाली दगडांची पिशवी टांगत आणि भात्याला छत्रीचा आडोसा करीत. पण सगळा कोळीवाडा जमलेला. चकचकीत तिवईखाली दगड लोंबकळवायला कालिंदीला कसंसंच वाटलं.

"तांडेलबाबा, आता हलू नका हं."

"तू हलू नको म्हणजे झालं, पोरी," तांडेल म्हणाले, आणि लोक हसले.

ते बसले. असे बसले की बघणाऱ्यांनीही श्वास धरला. कालिंदीनं झाकण काढलं. शिडात भरावा तसा वारा भात्यात भरला. तिनं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको फोटो बघायला आली. कालिंदीनं फिल्म उजेडासमोर धरली. तांडेलांचा चेहरा दुहेरी होता. हातही दुहेरी. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे आधी बाहेर पडतं तेच पडलं.

"बाबा, तुम्ही हललात."

तांडेलांनी फिल्मकडे पाहिलंच नाही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात हळूच उपरण्याखाली सारला. "हललोच असेन," ते म्हणाले. "तुझी फिल्म फुकट घालवली बघ."

"नाही हो, तुम्ही तर..." चांगुणाआजी म्हणू लागली.

"चल," ते म्हणाले.

ती दोघं गेल्यावर कालिंदीनं भिंग लावून फिल्म पुन्हा पाहिली. मागची दीपमाळही दुहेरी होती. पायऱ्या दुहेरी, देवळाचा कळस दुहेरी. दगडाची दीपमाळ काही हललेली नव्हती. म्हणजे तांडेलही हलले नव्हते. त्या साऱ्या अंगणात हलली होती ती एक तिवई.

आत्ताच धावत जावं आणि सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण नाक्यावरची मंडळी डोळ्यांपुढे आली. काय म्हणतील? ती म्हणाली, उद्या सांगू. त्या उद्याला पुन्हा उद्या लागला. एकदा ती त्यांच्या ओट्यापर्यंत जाऊन आली. तांडेल हात मांडीखाली दाबून बसले होते. वाटी कुठं दिसत नव्हती.

"बाबा, फिल्म मागवलीय. पुन्हा एकदा काढू या," ती म्हणाली.

"नको गं. मी काय दीपमाळ आहे, न हलायला?" ते हसले. "चहा घेऊन जा."

तिनं चहा घेतला. शब्द ओठांवर आले होते, ते चहाबरोबर खाली गेले. आज त्यांना बरं वाटतंय, उगीच विषय नको, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

थंडी पडायच्या सुमारास हिराजी तांडेल गेले.

दिवस-कार्य उरकल्यावर चांगुणाआजी स्वतःच कालिंदीकडे आली. "तो हललेला फोटो तरी दे. भिंत रिकामी बघवत नाही."

तेव्हा कालिंदीच्यानं राहवलं नाही. "आजी, बाबा हलले नव्हते. माझी तिवई हलली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

आजी उंबऱ्यावर टेकली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"शेवटी शेवटी ते त्या हातानं जेवायचेसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "डाव्या हातानं खायचे. मला का सांगतेस बाय? हे त्यांच्या कानात सांगायचं होतंस."

फोटो भिंतीवर लागला. कालिंदीनं चंदेरी तिवई माळ्यावर टाकली आणि सागवानी पुन्हा खांद्यावर घेतली. नाक्यावर कुणी तिरडी म्हणालं, तर ती आता मान खाली घालून पुढे जाई. अजूनही समाजमंदिरात कुणी नवखा येतो आणि म्हणतो, "म्हातारा हलला वाटतं." कालिंदी तिथं असली तर उठून फोटोपाशी जाते. "मागची दीपमाळ बघा," म्हणते. लोक बघतात, मान हलवतात. ज्याला ते दाखवायला हवं होतं, तो मात्र भिंतीवरून समोर बघत असतो.

तात्पर्य: दुसरा हलला असं म्हणण्याआधी आपले पाय कशावर टेकलेत ते चाचपून पाहावं; आणि चूक आपली निघाली, तर ज्याच्या माथी ती मारली त्याला ऐकू येतंय तोवरच कबूल करावी.