व्यासपीठावरची पहिली खाट

कुर्डुवाडीच्या सेवा क्लबचं अध्यक्षपद शिवणक्लास चालवणाऱ्या शकुंतलाबाई ठोसरांकडे जाणार, हे मावळते अध्यक्ष बापूसाहेब गुळवणींना काही केल्या पचेना. पदग्रहण आणि रक्तदान शिबिर एकाच दिवशी होतं. तयारीच्या बैठकीत त्यांनी बाईंना बजावलं, "आम्ही सहाही आजी-माजी अध्यक्ष व्यासपीठावर पहिल्या रांगेत हवेत. एक जरी रुसला, तरी पद विसरा!"

"सहाही जणांची सोय व्यासपीठावरच करते," बाई म्हणाल्या.

समारंभाच्या सकाळी पडदा सरकला, तर व्यासपीठावर खुर्ची औषधालासुद्धा नव्हती. होत्या सहा खाटा. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी आणि शेजारी सुई घेऊन उभी नर्स.

बापूसाहेब उसळले, "हा काय पोरखेळ? आमच्या खुर्च्या कुठायत?"

"खुर्च्या खाली, श्रोत्यांना. 'खरा मान रक्तदात्याचा' असं दर वर्षी उद्घाटनाच्या भाषणात तुम्हीच सांगता. म्हणून पहिली खाट तुमची."

बापूसाहेब खाटेपासून मागे सरकले. "पण मी उपाशी आहे हो! उपाशीपोटी रक्त घेत नाहीत."

"ठाऊक आहे," म्हणत बाईंनी शिऱ्याची बशी पुढे केली. "दर शिबिरात तुमचं हेच ऐकतेय. म्हणून यंदा तूप जरा सढळ हातानं घातलंय."