करवतीच्या पात्याची सुरी

"ही पहिल्यासारखी करून देणार की न्हाई, तेवढं बोला."

चन्नाप्पा शेट्यानं सुरी दस्तगीरचाचांच्या पुढ्यात टाकली. ठेवली नाही, टाकली.

मिरजेत दर्ग्याच्या भिंतीला पाठ लावून दस्तगीरचाचा शिकलगार पन्नास वर्षं धार लावत बसलेले. लोक त्यांच्याकडं सुऱ्या घेऊन येत, आणि बऱ्याचदा नुसतं दोन शब्द ऐकून जात. चन्नाप्पा ऐकायला आला नव्हता. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला गडी. लोखंड काय ते आपल्यालाच कळतं, असा तोरा.

चार महिन्यांपूर्वी त्याची बायको निलव्वा वारली. लेक पुण्याला बोलवत होती. हा म्हणाला, मी माझ्या घरात माझं करून खाईन. म्हणायला काय जातंय. रोज बोट कापून घेत होता.

"नवी घ्या की एखादी," चाचा म्हणाले.

"लेकीनं पाठवलीय." त्यानं पिशवीतून चकचकीत सुरी काढली.

चाचांनी पात्यावर नख मारलं, कानाशी धरलं. "दिसायला नवरी हाय. आठ दिवस टोमॅटो कापंल. मग नुसतं दाबत बसा."

"ते मला कळतंय. म्हणून तर ही आणली. करवतीच्या पात्याची हाय. मी स्वतः बनवली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. असलं पोलाद बाजारात मिळत न्हाई."

चाचांनी जुनी सुरी उचलली. अंगठा धारेवर आडवा फिरवला. डोळे मिटले.

"...खरं हाय."

"पण बायकोनं वाट लावली की. पायरीच्या दगडावर घासून घासून. आता दोडका कापायला जावं तर पातं तिरकं पळतंय. बाईमाणसाला धार काय कळणार?"

चाचांनी शेजारच्या भाजीवालीकडून एक काकडी घेतली. उजव्या हातात सुरी धरून कापली. पातं तिरकं पळालं. फोड पाचरीसारखी पडली.

"तेच म्हणतोय मी."

मग चाचांनी सुरी डाव्या हातात घेतली.

चकत्या पडत गेल्या. पातळ, एकसारख्या. एक उचलून त्यांनी उन्हाकडं धरली. पलीकडचं बोट दिसलं.

"अण्णा, घरात डावखुरं कोण?"

"कोणी न्हाई."

चाचांनी चकती त्याच्या पुढं धरली.

"कोणी न्हाई म्हटलं की. चाळीस वर्षं एका घरात काढली, मला म्हाईत नसंल? उजव्या हातानंच जेवायची. वाढायचीबी उजव्या..."

तिथं तो थांबला.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. आत चुलीपाशी त्याची आई ओरडली होती, डाव्या हातानं वाढतीस, कुणाच्या घरची रीत गं ही? मग काहीतरी फटकन वाजलं होतं. उलथनं असेल. चन्नाप्पाची सकाळची पाळी होती. डबा उचलून तो निघून गेला. त्यानंतर ताटावर डावा हात कधी आला नाही.

"भात सांडायची," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "वाढताना. रोज ताटाबाहेर शितं. मी वेंधळी म्हणायचो. पाव्हण्यांच्या म्होरं म्हणायचो... ती हसायची."

चाचांनी सुरी उलटसुलट करून पाहिली. धारेचा उतार एकाच अंगाला होता, डाव्या.

"तुम्ही उजव्या हाताची बनवली. बाईंनी ती घासून आपल्या हाताची करून घेतली. रोज इवलीशी. कुणाला कळू न देता."

त्यांनी पायानं चाक फिरवलं. दगड गरगरायला लागला.

"पहिल्यासारखी पाहिजे न्हवं? दोन मिन्टांचं काम हाय."

पातं दगडाला टेकणार, तेवढ्यात चन्नाप्पानं चाकावर तळहात दाबला. आयुष्यभर फिरत्या चाकाला हात न लावलेला माणूस. चाक थांबेपर्यंत त्यानं हात काढला नाही.

"नको..."

चाचांनी त्याच्या तळहाताकडं बघितलं. कातडी सोलली होती. फडकं दिलं. मग सुरी त्याच्या डाव्या हातात ठेवली आणि उरलेली काकडी पुढं सरकवली.

चन्नाप्पा कापायला लागला. एक फोड जाड, एक मोडकी. निम्म्या खाली धुळीत गेल्या. भाजीवाली बघत होती. त्यानं सुरी खाली ठेवली.

"ह्या हातानं मला जमायचं न्हाई, चाचा."

"बाईंनाबी उजव्या हातानं जमत नव्हतं," चाचा म्हणाले. "तरी वाढायच्या."