दगडावरची उंची

“सुरीला उंची कशी कळते?”

माईंनी हे विचारलं तेव्हा भार्गवच्या पाठीवर पिशवी चढलेली होती आणि मागे पायरीशी मठात मुक्कामाला आलेली अकरा माणसं वहाणा घालून उभी होती.

मठाचा रिवाज असा की, सोंडेच्या वाटेनं माणसं खाली नेणाऱ्यानं निघण्याआधी माईंपुढे उभं राहायचं. माई जा म्हणत नाहीत, जाऊ नको म्हणत नाहीत. फक्त विचारतात.

सोंड म्हणजे तासाभराची अरुंद धार. दोन्हीकडे दरी. मध्ये आडोसा म्हणून एक झुडूपही नाही.

भार्गव आज पहिल्यांदाच माणसं नेणार होता.

“हवेच्या दाबावरून, माई. वर चढावं तसा दाब कमी होतो. तो कमी झाला की हिला वाटतं, आपण चढलो.”

“बघू.”

त्यानं लाल मुठीची सुरी पुढे केली. पातं, कात्री, बारकी करवत, बुचं काढायचा स्क्रू.

“मठात बुचं कुठली रे?”

“ते... सोबत येतंच, माई. खरी गंमत इथे आहे.” मुठीवर नखाएवढा पडदा होता. “घड्याळ, गजर, तापमान, उंची. उंची मात्र आधी लावून द्यावी लागते. हे बटण दाबून धरायचं, आकडे लुकलुकायला लागले की...”

टीं!

रांगेतल्या एक बाई केवढ्या दचकल्या. माईंची पापणी हलली नाही.

“आता किती दाखवते?”

“बाराशे चाळीस मीटर. बरोब्बर!” त्यानं पायाशी असलेल्या मोजणीच्या दगडाकडे बोट केलं. त्यावर तोच आकडा कोरलेला होता.

“सकाळपासून बरोबर आहे?”

“कुठली हो! फार चळते. सहाला लावली, नऊला बघतो तर बाराशे अठ्ठावन्न. परत लावली. बाराला पासष्ट. परत लावली. आत्ता दोनला एकोणसाठ. म्हटलं, निघताना चुकीची नको. लावूनच घेतली.”

“तू कुठं होतास सकाळपासून?”

“इथंच की. या दगडापाशी. सामान बांधत होतो.”

“मग चढलं कोण?”

भार्गव हसला. मग त्याचं हसू तसंच राहिलं...

अठरा. पंचवीस. एकोणीस. तो ओठातल्या ओठात बेरीज करत होता.

“बासष्ट मीटर,” तो म्हणाला. “मी जागचा हललो नाही... म्हणजे दाब उतरलाय. भराभर उतरलाय. माई, वादळ-वारं काहीतरी येतंय.”

त्यानं मुठीवरच्या पडद्याकडे पाहिलं.

“हिनं तीनदा सांगितलं.”

“आणि तू?”

“मी तीनदा... दुरुस्त केली.” त्याचा आवाज चढला. “पण तुम्हीच शिकवलंत ना! वाकडं दिसलं की सरळ करावं!”

“चटईचं सांगितलं होतं.”

मागून कोपर्डेकाका खाकरले. अकरांत वयानं तेच मोठे. “अहो भार्गव, साडेचारची एसटी आहे हं. ती चुकली की उद्याच.”

भार्गवनं वर पाहिलं. चैत्रातलं आभाळ. ढगाचा ठिपका नाही.

त्यानं माईंकडे पाहिलं. माई त्याच्याकडेच बघत होत्या, पण त्या नजरेत काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यानं पाठीवरची पिशवी उतरवली.

“काका, आज उतरायचं नाही.”

“काय? एवढ्या लख्ख उन्हात? सुरी म्हणाली म्हणून?”

“हो.”

“अहो, माझी उद्या सकाळी कचेरी आहे!”

“फोन लावून देतो. साहेबांशी मी बोलतो हवं तर.”

“आणि नाहीच आलं काही, तर?”

“तर उद्या खाली जाईपर्यंत मला हसा. मी पुढेच असेन, सगळ्यांना ऐकू येईल.”

कोणीतरी खरंच हसलं. कोपर्डेकाका पुटपुटत पायरीवर बसले आणि वहाणांचे बंद सोडू लागले. मग एकेक करत बाकीचेही बसले.

भार्गव माईंपुढे आला. सुरी त्यानं दोन्ही तळहातांवर धरली होती.

“ही तुम्ही ठेवा, माई. मला आकडा हवा होता, तो मी हिच्याकडून वदवून घेत राहिलो. अकरा माणसं घेऊन निघालो होतो मी... ही हातात धरायची माझी लायकी नाही.”



माईंनी सुरी घेतली. उलटसुलट करून पाहिली. पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही. नखानं एक आखूड, वाकडं पातं बाहेर काढलं आणि सुरी परत त्याच्या हातावर ठेवली.

“तुपाचा डबा सीलबंद आहे. रात्री अकरा पानं जास्तीची आहेत. जा, फोड.”