अकरा हरभरे

“मग अकरातला फितूर कोण, हे ओळखायचं कसं, वस्ताद?”

केरबा वस्ताद भिजवलेले हरभरे खात होते. तोंडात चारच दात उरलेले. एकेक हरभरा बराच वेळ चालायचा, आणि तो संपेपर्यंत उत्तर मिळायचं नाही, हे पेठेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

शशिकांत मगदूमलाही माहीत होतं. तो याच तालमीत वाढला होता. फुटबॉलला पहिली लाथ त्याने वस्तादांच्या देखत मारली होती. आता तो कॉलेजात खेळांचा सर होता आणि आपल्याइतका डोक्याने खेळवणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नाही, अशी त्याची खात्री होती. हंगामाची पहिली मॅच आज चार वाजता होती, तीही संपत इंगवले ज्यांना खेळवायचा, त्या कॉलेजशी. यादी दोनच्या आत पंचांकडे द्यायची होती. दहा नावं लिहून झाली होती. पहिलीच ओळ, गोलकीपरची, कोरी होती.

बोलायला बसण्याआधी त्याने तालमीचं दार लोटून घेतलं होतं. मोबाइल फरशीवर उपडा ठेवला होता. मग काय वाटलं कोण जाणे, तो बंदच करून टाकला होता.

“काय फुटलं म्हनतोस?” वस्तादांनी विचारलं.

“पंधरा दिवसांपूर्वीची सरावाची मॅच. याच इंगवल्याबरोबर. दिग्विजयला मी पहिल्यांदाच पुढं खेळवणार होतो. जन्मभर बचावाला खेळलेला पोरगा. कुणाच्या ध्यानीमनी नाही. आणि शिट्टी वाजायच्या आत इंगवल्याची दोन पोरं त्याच्या अंगाला चिकटून उभी.”

“किती झालं?”

“तीन.”

“तुजं?”

मगदूमने तालमीच्या छताकडे पाहिलं.

“कुनाकुनाला ठावं हुतं?”

“अकरा पोरं आणि मी. पोरांना मी शपथ घातली होती. घरात आईलासुद्धा सांगायचं नाही म्हणून.”

“आनि?”

“आणि कुणी नाही.”

“आनि?”

“नाही म्हणतोय ना, वस्ताद.”

“नीट बग. आनि?”

मगदूमला राग आला. पण वस्तादांवर रागवायची सवय नव्हती, म्हणून त्याने फरशीवरचा मोबाइल उगाच थोडा लांब सरकवला.

वस्तादांनी पुढचा हरभरा तोंडात टाकला.

“मी सापळा लावला,” मगदूम जरा पुढे सरकला. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला, कारण सापळ्याची युक्ती त्याची स्वतःची होती. “गेल्या शनिवारी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. अकरा वेगवेगळे संघ. एकेकाला बाजूला घेतलं आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, आजच्या मॅचचा संघ हा, फक्त तुला सांगतोय, कुणाला बोलू नकोस. आता इंगवल्याकडे जो संघ पोचेल, त्या चिठ्ठीचा पोरगा फितूर.”

“पोचलं का न्हाई, तुला कसं कळनार?”

मगदूम थोडा घुटमळला.

“माझा एक माणूस आहे. त्यांच्या जिमखान्यात.”

“बरं.”

“शिपाई आहे. इंगवल्याच्या टेबलावर काय पडलंय, ते सांगतो.”

“बरं.”

“फोडणं वेगळं आणि माहिती ठेवणं वेगळं, वस्ताद.”

“म्या काय म्हनलं?” वस्ताद म्हणाले. “पोचला का मंग संघ?”

“नाही.”

“एकबी?”

“एकही नाही. आठ दिवस झाले. अकराच्या अकरा चिठ्ठ्या, आणि एक अक्षर बाहेर नाही.” मगदूमने आवाज खाली आणला. “कळलं का? सगळे एकमेकांना मिळालेत. नाहीतर इतकी गप्प बसणारी पोरं कुठं असतात?”

वस्ताद बराच वेळ चावत राहिले.

मग त्यांनी वाटीतून हरभरे काढले, मोजले आणि मगदूमच्या हातावर ठेवले. अकरा.

“मांड तुजा संघ.”

मगदूमने फरशीवर हरभरे मांडले. एक मागे, चार त्याच्या पुढे, मग चार, मग दोन. संघ त्याला जीव की प्राण होता. हरभरे मांडतानासुद्धा डावीकडचा जरा पुढे गेला, तर त्याने बोटाने मागे सरकवला.

एवढ्यात दार ढकलून एक पैलवान आत आला. त्याला कोपऱ्यातली पाण्याची घागर हवी होती. मगदूमचा पंजा झटकन हरभऱ्यांवर गेला. पैलवान घागर घेऊन निघून जाईपर्यंत तो तसाच होता. भिजलेल्या हरभऱ्यांवरून संघ ओळखणारा माणूस कोल्हापुरात असलाच, तर तो इंगवल्याचाच असणार, असं सरांना वाटलं असावं.

वस्तादांनी पंजाकडे पाहिलं.

“ह्यो कोन?” त्यांनी पुढच्या एका हरभऱ्यावर बोट ठेवलं.

“दिग्विजय.”

“ह्येचा वहीम हाय?”

“आहे थोडा. हरलो त्या दिवशी रात्री तो वडापाव खात होता. हसत होता.”

वस्तादांनी दिग्विजय उचलला आणि खाल्ला.

“ह्यो?”

“हा अभिजित. अलीकडे नवीन बूट घेतलेत त्यानं. कुठून आले, विचारलं तर म्हणतो मामानं दिले.”

अभिजित गेला.

“ह्यो?”

“हा तसा साधा आहे. पण इतका साधा कुणी असतो का, वस्ताद?”

तोही गेला. मधले उरलेले तिघेही गेले. एक जण मॅचच्या आधी सारखा मोबाइल बघायचा. दुसऱ्याकडे मोबाइलच नव्हता, आणि मगदूमला तेच जास्त खटकत होतं. मागच्या चौघांवर तसा काही वहीम नव्हता. पण ते मधल्या चौघांचे मित्र होते, म्हणून तेही गेले.

फरशी ओली झाली होती. आता तिच्यावर एकच हरभरा उरला होता, सगळ्यांच्या मागचा.

“ह्यो?”

मगदूमने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “हा सुयोग. सुयोग तिवले. माझा गोलकीपर.”

“ह्येनं काय केलं?”

“ह्याचा चुलतभाऊ इंगवल्याच्या कॉलेजात आहे. दोघं एका घरात राहतात. आणि...” त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं. “चिठ्ठी दिल्यावर बाकीच्या दहा जणांनी काही ना काही विचारलं. सर, मला इथं का, सर, ह्याला तिथं का. ह्याच्या चिठ्ठीत मी मुद्दाम ह्याला डाव्या बचावाला टाकला होता. गोलकीपरला, वस्ताद. कुणीही भांडला असता. हा नुसता ‘बरं सर’ म्हणाला. चिठ्ठी घडी करून खिशात.”

“मंग?”

“दुसऱ्या दिवशी सहाला मैदानावर गेलो, तर हा एकटाच. गेले आठ दिवस रोज. भिंतीवर बॉल मारतोय डाव्या पायानं. डाव्या बचावाचा सराव. मी विचारलं, एवढ्या लवकर कसा? तर म्हणतो, झोप येत नाही सर. चिठ्ठीचं नाव काढलं नाही. माझ्यासमोरसुद्धा नाही. बघा, किती पक्का आहे.”

वस्तादांचं चावणं थांबलं होतं.

“मंग तू काय केलंस?”

“आज सकाळी सांगितलं त्याला. तू आज खेळत नाहीस, किट घरी ठेव.”

“काय म्हनाला?”

“काही नाही. हातातले ग्लोव्हज काढले, माझ्या शेजारी बाकावर ठेवले आणि गेला. निर्दोष माणूस असा जातो का? तो भांडतो. कारण विचारतो.”

“म्हंजे ह्योच.”

“ह्योच,” मगदूम म्हणाला. त्याच्या तोंडून पेठेतलं बोलणं निघालं. सुयोगला त्याने तीन वर्षं घडवला होता. ह्या पोराने आपल्याला विकावं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

वस्तादांनी शेवटचा हरभरा उचलला. दोन बोटांत धरून पाहिला. मग तोही तोंडात टाकला आणि सगळ्यांत जास्त वेळ चावला.

फरशीवर नुसता ओलावा राहिला.

“खेळ आता,” वस्ताद म्हणाले.

मगदूमने यादी उचलून दाखवली.

“वस्ताद, चेष्टा नको. चारला मॅच आहे.”

“त्या सराव मॅचच्या आदल्या दिशी तू हितं आलतास.”

“पाया पडायला. दर मॅचच्या आधी येतो.”

“पाया पडलास. मंग हितंच बसलास. दिग्विजयला पुढं खेळवतो म्हनालास.”

मगदूमने मान वर केली.

“तू गेलास आनि घटकाभरानं संपत आला. त्योबी पायाच पडाय. तुज्याआधी दोन वर्सं हितं शिकलाय त्यो. त्येनं इचारलं, शशा काय करनार हाय? म्या सांगितलं.”

बाहेर कुणीतरी घागर ओतत होतं.

“तुम्ही?”

“व्हय.”

“तुम्ही सांगितलंत? त्याला?”

“इचारलं त्येनं.”

“विचारलं म्हणून सांगायचं?”

“गेल्या साली तू इचारलंतास, संपत कसा खेळवनार. म्या सांगितलं. तू जिकलास. आनि पेढं घेऊन आलास.” वस्तादांनी धोतराच्या सोग्याने बोटं पुसली. “पेढं वाटताना तुला फितूर आठवला न्हाई.”

मगदूमला लाज वाटली. आणि लाज वाटली याचा रागही आला.

“निदान मला बोलायचं तरी, वस्ताद. पंधरा दिवस मी त्या पोरांच्या मागं...”

“आनि कोन, म्हनून तीनदा इचारलं तुला.”

“तुमचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

“पोरांस्नी शपथ घातलीस. मला घातलीस का?”

“तुम्हाला कशी घालणार?”

“मंग ज्येस्नी घातलीस, त्येंनी पाळली.”

मगदूमने पिशवी पुढे ओढली. सुयोगचे ग्लोव्हज तिच्यात होते. उजव्याच्या अंगठ्याची शिवण उसवलेली, पांढऱ्या दोऱ्याने घरीच घातलेले टाके. ते हातात घेतल्यावर त्याला सकाळचं सगळं पुन्हा दिसलं. पोरगा ग्लोव्हज ठेवून गेला तेव्हा आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. चिठ्ठी कुठल्या खिशात असेल, याचाच विचार करत होतो.

आठ दिवस तो डाव्या पायाने भिंतीवर बॉल मारत होता. सरांनी सांगितलं म्हणून.

मगदूमने खिशातून पेन काढलं आणि यादीच्या पहिल्या ओळीवर सुयोगचं नाव लिहिलं. नाव लिहिल्याने पोरगा मैदानावर येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

“आता त्याच्या घरी जाऊन काय सांगू, वस्ताद?”

वस्तादांनी वाटी उचलली. ती तिरकी करून त्यांनी उरलेल्यांतले अकरा हरभरे मोजले आणि मगदूमच्या पुढ्यात ठेवले.

“मांड.”

“वेळ नाही हो आता.”

“मांड.”

मगदूमने पहिला हरभरा उचलला आणि सगळ्यांच्या मागे, गोलात ठेवला. जपून ठेवला. दुसरा उचलणार, तेवढ्यात दार ढकललं गेलं. मघाचाच पैलवान घागर परत ठेवायला आला होता.

मगदूमचा पंजा हरभऱ्यावर गेला.

पैलवान घागर ठेवून तिथेच उभा राहिला. वस्तादांकडे बघू लागला, सरांकडे बघू लागला.

वस्ताद पंजाकडे बघत होते.

“हात काढ.”