न पडणारा शिष्य

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा मीही नव्हतो आणि तुमचे आजोबाही नव्हते. उगवतीकडच्या एका बेटावर एक गुरुजी जुजुत्सू शिकवायचे. मनगट पिरगाळायचं, समोरच्याचाच जोर वापरून त्याला लोळवायचं, अशी ती विद्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, अस्सल. विद्येत खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

खोट होती रीतीत. गुरुजींनी नुसतं मनगट धरलं की शिष्य आपणहून धाडकन पडत. गुरूसमोर ताठ उभं राहणं म्हणजे उद्धटपणा. पुढे गुरुजींचा एकुलता एक मुलगा गेन्झो शिकायला लागला, तर त्याच्यासमोरही सगळे पडू लागले. पोराला वाटलं, आपल्या हातात जादू आहे. बापालाही तेच वाटलं.

तोमेकिची नावाचा एक कोळ्याचा मुलगा तिथे शिकत होता. एकदा गेन्झोने त्याचं मनगट पिरगाळलं, नेहमीसारखं सोडलं आणि स्वतः मागे सरकला. तोमेकिची उभाच.

"पडत का नाहीस रे?" गुरुजींनी दरडावलं.

"गुरुजी, याने फार लवकर सोडलं. पडण्याइतका जोर लागलाच नाही."

"मला अक्कल शिकवतोस? चालता हो."

तोमेकिची वाकून नमस्कार करून निघून गेला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंड कोण उघडणार?

पुढे राजाने नवा आखाडा काढला. कुस्तीवाले, ठोसे मारणारे, लाथा घालणारे, सगळे तिथे एकमेकांना भिडायचे. गुरुजींनी मोठ्या तोऱ्यात मुलाला धाडलं. त्याची आई म्हणाली, "आधी त्या तोमेकिचीशी तरी लढवून बघा." तिचं कोण ऐकतो.

समोर बंदरावरचा एक मल्ल आला. गेन्झोने त्याचं मनगट बरोबर धरलं, बरोबर पिरगाळलं. मल्ल कळवळला. आणि गेन्झोने हात सोडला. सोडला, आणि मल्ल पडायची वाट बघत उभा राहिला.

मल्लाने त्याला उचललं आणि मानेवर आपटलं.

गेन्झो जगला. मानेखालचं अंग मात्र कायमचं गेलं.

मल्ल सुजलेलं मनगट घेऊन घरी भेटायला आला. "तुमचा डाव खरा आहे, गुरुजी," तो म्हणाला. "अजून जरा धरून ठेवला असता तर माझं हाड मोडलं असतं. सोडलं कशाला त्याने?"

अंथरुणावरून मुलगाच बोलला, "बाबा, सगळे पडतात. हा पडलाच नाही."

त्या दिवशी गुरुजी किनाऱ्यावर गेले आणि तोमेकिचीचे पाय धरून त्याला परत घेऊन आले. सगळ्या शिष्यांसमोर त्यांनी त्याचं मनगट धरलं. तो पडला नाही. गुरुजींनी अंगातला सगळा जोर लावला, पण सोडलं नाही. शेवटी तोमेकिचीचे गुडघे वाकले आणि तो कोसळला.

"आता खरंच पडलो, गुरुजी," तो म्हणाला.

पलीकडच्या खोलीत गेन्झोने तो आवाज ऐकला. त्याला आता तेवढंच करता येत होतं.

मनात धरायचं ते एवढंच: आपला मान राखायला पडणारा आपला घात करतो, आणि समोर उभा राहणाराच आपल्याला शिकवतो.